दोन प्रस्तावना

नव्या लेखकाच्या पुस्तकाला जुन्या जाणत्याने प्रस्तावना लिहावी, ही प्रथा मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्याकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. आमच्या त्रैमासिकाकडे अभिप्रायार्थ जी पुस्तके येतात, त्यांतील बहुतेकांच्या आरंभी अशी चारपाच पाने असतात. ती लिहिणारे पुष्कळदा लेखकाचे कॉलेजातील प्राध्यापक असतात. ही पाने आम्ही आजवर घाईने उलटून पुढे जात आलो. कारण त्यांत काय असणार हे न वाचताही ठाऊक असते. लेखक आपला विद्यार्थी कसा होता, वर्गात कोणत्या बाकावर बसत असे, त्याची तळमळ, त्याची संवेदनशीलता, आणि शेवटी पुढील वाटचालीस शुभेच्छा. पुस्तकात काय आहे याचा पत्ता अशा प्रस्तावनेतून लागत नाही. गुरूने ते पुस्तक वाचले की नाही, याचाही लागत नाही.

याच प्रस्तावनांविषयी आज आम्हांला काही लिहावेसे वाटते, त्याला कारण घडले ते दोन जुन्या प्रस्तावनांचे वाचन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने १९२३ साली प्रसिद्ध केला. ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हा त्यांचा दुसरा ग्रंथ याच संस्थेने १९२५ साली काढला. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली काढलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सहाव्या खंडात हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचावयास मिळतात. पहिल्याला प्रस्तावना आहे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, दुसऱ्याला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक एडविन सेलिगमन यांची. दोघेही लेखकाचे प्रत्यक्ष गुरू. योगायोग असा की दोघांचा जन्म १८६१ सालचा. म्हणजे शिष्याहून दोघेही तीस वर्षांनी वडील. ग्रंथांचे मोल अर्थशास्त्रज्ञांनी करावे. तो आमचा प्रांत नव्हे. आम्हांला बोलावयाचे आहे ते ग्रंथाच्या दारातील या दोन लहानशा लेखांविषयी, आणि विद्यापीठातील गुरूने शिष्याला आधार द्यावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, या प्रश्नाचे जे उत्तर त्यांत दडले आहे त्याविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. १९१३ साली बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. तीन वर्षांत त्यांनी जे विषय घेतले त्यांची गणती एलिनॉर झेलियट यांनी दिली आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, याखेरीज मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. एखाद्या भुकेल्या माणसाने वाढलेल्या ताटापुढे बसावे तसा हा विद्यार्थी तेथे बसला होता. मात्र आमचे लक्ष वेधले ते या आकड्यांपेक्षा एका तारखेने. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर एक निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले अशा मान्यवर पंडितांची मते त्यात तपासलेली होती. ज्ञानकोशकार म्हणून पुढे महाराष्ट्राला परिचित झालेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या मताचाही त्यात परामर्श होता. केतकरांची थोरवी मान्य करून त्यांच्याशीही जेथे पटत नाही तेथे लेखकाने तसे स्पष्ट म्हटले होते. पुढल्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला.

पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने नामांकित पंडितांना खोडून काढावे, आणि ते गुरूच्या डोळ्यांदेखत, गुरूच्याच टेबलाभोवती बसून करावे, हीच मुळात सेमिनार या पद्धतीची अपेक्षा होती. विद्यार्थ्याला बोलण्याची जागा देणे हा गुरूने द्यावयाचा पहिला आधार होय. ही जागा पुष्कळदा प्रेमळ गुरूही देत नाहीत. ते डबा देतात, फी भरतात, वसतिगृहात खाट मिळवून देतात. पण स्वतःच्या मतापुढे उभे राहण्याची जागा देत नाहीत.

आता सेलिगमन यांची प्रस्तावना पाहू. सार्वजनिक अर्थव्यवहार या विषयातील ते आपल्या काळचे मोठे अधिकारी. आयकरावरील त्यांचा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला होता. पुढे १९३० ते १९३५ या काळात सामाजिक शास्त्रांचा जो मोठा विश्वकोश निघाला, त्याचे ते प्रमुख संपादक. असा माणूस आपल्या माजी विद्यार्थ्याच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहितो, तेव्हा विद्यार्थ्याविषयी तो जवळजवळ काहीच बोलत नाही. बोलतो ते विषयाविषयी. केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात उत्पन्नाची आणि खर्चाची वाटणी कशी करावी, हा प्रश्न त्या वेळी साऱ्या जगात कसा पुढे येत होता, हे तो सांगतो. मग लेखकाच्या कामाचे वैशिष्ट्य दोन गोष्टींत दाखवितो. एक म्हणजे वस्तुस्थितीची तटस्थ मांडणी. दुसरी म्हणजे तिचे निःपक्षपाती विश्लेषण. यामागील तत्त्वांचा इतका तपशीलवार अभ्यास आपल्या माहितीत अन्यत्र कोठे झालेला नाही, असेही तो म्हणतो. ‘आपल्या माहितीत’ या मर्यादेमुळे त्या स्तुतीला वजन येते. ज्याची माहिती जगातल्या ग्रंथालयांएवढी आहे त्याने हे शब्द जपून वापरलेले आहेत.

ही प्रस्तावना वाचताना प्रथम आम्हांला ती कोरडी वाटली. शिष्याच्या कष्टांचा एक शब्दही तीत नाही. वास्तविक त्या ग्रंथामागे केवढे हाल होते! १९१७ साली हिंदुस्थानात परतताना सामान ज्या बोटीवर होते ती जर्मनांच्या टॉर्पेडोने बुडाली. मूळ प्रबंधाचे हस्तलिखित तीत गेले, असे आंबेडकरांनी स्वतःच १९२२ साली सेलिगमन यांना पत्राने कळविले होते. कोलंबियाच्या नियमानुसार छापील प्रती सादर झाल्यावाचून पीएच. डी. पदरात पडत नसे. म्हणून १९१६ मध्ये अभ्यास पुरा करून निघालेल्या या विद्यार्थ्याला पदवी मिळण्यास १९२७चा जून उजाडला. हे सारे गुरूला माहीत होते. तरी प्रस्तावनेत त्याचा उल्लेख नाही. पुन्हा वाचल्यावर मात्र त्या कोरडेपणाचा अर्थ आम्हांला कळला. गुरूने वाचकाकडे शिष्याबद्दल दया मागितलेली नाही. हा ग्रंथ वाचा, कारण तो चांगला आहे, एवढेच त्याचे म्हणणे. ज्याला जन्मभर इतरांनी एक तर दूर लोटले किंवा दया केली, त्याला असे वागविले जाणे म्हणजे काय, हे सांगायला आम्ही असमर्थ आहोत.

कॅनन यांची प्रस्तावना अगदी वेगळ्या स्वभावाची आहे, आणि आमच्या मते दोहोंत तीच श्रेष्ठ. तिचे मर्म कळण्यासाठी वादाचा विषय थोडक्यात समजून घ्यावा लागेल. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने लोकांसाठी चांदीची नाणी पाडण्याचे काम टांकसाळींत बंद केले. पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स असा राखण्यात आला. देशात सोन्याचे चलन नाही, पण विनिमयासाठी रुपया सोन्याशी बांधलेला, अशी ही व्यवस्था होती. तिला सुवर्ण-विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ सालच्या आपल्या ग्रंथात तिची तरफदारी केली होती. आंबेडकरांनी तिच्यावरच घाव घातला. रुपये किती काढावयाचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले की चलन वाढते, भाव चढतात, आणि त्याचा भार शेवटी गोरगरिबांवर पडतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. नवे रुपये पाडणे कायमचे थांबवावे आणि सोन्याची नाणी चलनात यावीत, असा त्यांचा उपाय होता.

कॅनन हे १८९३ साली या व्यवस्थेवर विश्वास ठेवणाऱ्या मोजक्या अर्थशास्त्रज्ञांपैकी होते. म्हणजे शिष्याचा ग्रंथ गुरूच्या तीस वर्षांपूर्वीच्या मतावरच उभा हल्ला होता. अशा ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना गुरू काय करतो? आपण त्या पक्षाचे होतो, हे तो आरंभीच सांगून टाकतो. लेखकाच्या टीकेतील पुष्कळसे आपल्याला मान्य नाही, हे लेखकालाही माहीत आहे, असे म्हणतो. त्या व्यवस्थेविषयीचा लेखकाचा राग आपल्याला नाही आणि त्याचे बहुतेक मुद्दे आपल्याला पटत नाहीत, हेही तो लपवीत नाही. मग म्हणतो की काही ठिकाणी मात्र लेखकाचा घाव अगदी वर्मी बसला आहे. आणि जेथे तो साफ चुकला असे वाटले तेथेही त्याच्या विचारांच्या ताजेपणाने आपल्याला चालना मिळाली. जुन्या शिक्षकाला स्वतंत्र बुद्धीच्या लहरी सोसण्याची सवय होते, अशा आशयाची एक किंचित मिस्कील कबुलीही तो देतो.

प्रस्तावना येथेच थांबली असती तर तिला दिलदार म्हणून आम्ही मोकळे झालो असतो. पण ती पुढे जाते. लेखकाचे मुद्दे न पटताही त्याचा व्यावहारिक निष्कर्ष बरोबर असावा, अशा मताला कॅनन येतात. त्यासाठी ते लेखकाची कारणे उसनी घेत नाहीत. स्वतःचे नवे कारण देतात. साधे सुवर्ण परिमाण समजणारे राज्यकर्ते आणि कायदेमंडळाचे सभासद मुळातच थोडे. सुवर्ण-विनिमय परिमाण समजणारे तर त्यांच्याही दहावा किंवा विसावा हिस्सा. तेव्हा अज्ञानाने किंवा लबाडीने ती दुसरी व्यवस्था बिघडविली जाण्याचा धोका अधिक. हा युक्तिवाद कॅनन यांचा आहे. म्हणजे शिष्याचा ग्रंथ वाचताना गुरू पुन्हा विचार करावयास बसला, त्याने शिष्याचे गणित तपासले, पायऱ्या चुकल्या असे म्हटले, आणि उत्तराशी तो आपल्या वाटेने जाऊन पोहोचला. पुस्तक खरोखर वाचल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? ज्या प्रस्तावनेत प्रस्तावनाकाराचे स्वतःचे मत एक पाऊलही हललेले दिसत नाही, ती प्रस्तावना पुस्तक न वाचताही लिहिता येते.

शिष्याची बाजूही तितकीच देखणी आहे. हा प्रबंध १९२२ सालच्या ऑक्टोबरात सादर झाला; परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही, फेरलेखन सुचविले. पैसे संपत आले होते. १९२३च्या एप्रिलमध्ये आंबेडकर मुंबईस परतले, येथे बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहून पाठविला आणि वर्षअखेरीस तो मान्य झाला. ज्याला असे परत लिहावे लागले, तो लेखक ऋणनिर्देशात काय म्हणतो? आपल्या मतांची जबाबदारी कॅनन यांच्यावर नाही, असे तो स्पष्ट करतो. आणि त्यांनी केलेल्या कठोर तपासणीमुळे आपण अनेक चुकांतून वाचलो, असे कृतज्ञतेने नोंदवितो. कठोर तपासणीबद्दल आभार! आपल्याकडील ऋणनिर्देशांत मार्गदर्शकाच्या प्रेमाचे, आशीर्वादाचे आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी दिलेल्या चहाचे आभार असतात. तपासणीचे आभार आम्ही क्वचितच वाचले आहेत. मुद्रिते तपासण्याचे रुक्ष काम आनंदाने अंगावर घेतल्याबद्दल याच ठिकाणी मुंबईच्या विल्सन कॉलेजातील प्राध्यापक वाडिया यांचेही आभार मानलेले आहेत. पदवी देणारा गुरू सातासमुद्रांपलीकडे आणि मुद्रिते वाचणारा प्राध्यापक आपल्या चौपाटीवर. एका ग्रंथाला दोघेही लागले.

येथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, पाश्चात्त्य विद्यापीठांची आरती पुरे झाली. आक्षेप गैर नाही. या दोन्ही प्रस्तावनांत एक मोठे मौन आहे, आणि समीक्षकाने त्याची नोंद घेतलीच पाहिजे. लेखक कोणत्या समाजात जन्मला, त्याला शाळेत कोठे बसावे लागले, पाण्यासाठी किती थांबावे लागले, याचा मागमूसही तेथे नाही. एका अंगाने हे मौन समतेचे आहे; त्या टेबलापाशी तो केवळ अर्थशास्त्राचा अभ्यासक होता. दुसऱ्या अंगाने पाहता, त्या टेबलापलीकडे काय चालले आहे यावर गुरूंचे काही चालत नव्हते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपून आंबेडकरांना अर्धवट अभ्यास टाकून परतावे लागले, तेव्हा कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. ती शिफारस मोलाची ठरली. १९२० साली ते परत जाऊ शकले ते तीमुळेच. पण त्याच १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या या उच्चविद्याविभूषित तरुणाला राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना कसे बाहेर काढण्यात आले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सेलिगमन यांच्या सहीचे पत्र लंडनचे दार उघडू शकत होते, बडोद्यातील एका खोलीचे नाही. पुढे १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांना वाटले. हे सहकारीही प्राध्यापकच होते, विद्यार्थ्यांचे गुरूच होते.

याचा अर्थ असा की, गुरूच्या आधाराचे दोन भाग आहेत आणि एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. बुद्धीला प्रतिस्पर्धी मानून झुंजविणे हा एक. आणि त्या बुद्धीला जगण्यापुरती जागा मिळवून देणे हा दुसरा. दुसऱ्या भागासाठी आंबेडकरांना आपल्या मातीतीलच माणसे मिळाली होती, हेही विसरता कामा नये. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि सयाजीरावांपर्यंत त्यांचे नाव पोहोचविले. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना पुस्तके आणि कपडे दिले, अशी नोंद कीर करतात. कपडे देणारा प्राध्यापक आणि प्रबंध परत लिहायला लावणारा प्राध्यापक, या दोघांत मोठा कोण, हा प्रश्न आम्हांला चुकीचा वाटतो. पहिला नसता तर दुसऱ्यापर्यंत पोहोचताच आले नसते. दुसरा नसता तर पहिल्याचे कपडे अंगावर राहिले असते, ग्रंथ मात्र झाला नसता.

आज आपल्या विद्यापीठांत या साऱ्याचे काय झाले आहे? नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाने एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाने चार पीएच. डी.चे विद्यार्थी घ्यावेत. कॉलेजांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ एका मार्गदर्शक शिक्षकामागे विद्यार्थी किती, हे गुणोत्तर विचारते. त्यासाठी कॉलेजांत तक्ते तयार होतात, विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या जातात, फायली नीट लावल्या जातात. या नियमांची आम्ही टिंगल करणार नाही. ज्या मुलाच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले कुणी नाही, त्याला तक्त्यात का होईना, एका शिक्षकाचे नाव मिळते ही लहान गोष्ट नव्हे. पण गुणोत्तराने संख्या मोजता येते. शिक्षकाने विद्यार्थ्याचे काय वाचले, आणि वाचून त्याला काय म्हटले, हे कोणत्याच तक्त्यात येत नाही.

आता स्वतःचे एक सांगावयाचे राहिले आहे. ते न सांगता इतरांच्या प्रस्तावनांवर बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी कथांचे हस्तलिखित घेऊन घरी आला. बागायतदाराचा मुलगा, पहाटे भाजीच्या टोपल्या स्टेशनावर पोहोचवून मग कॉलेजची लोकल धरणारा. त्याच्या घरातील तो पहिला पदवीधर. आम्ही त्याचे कौतुक करावयाचे ठरवून टाकले होते, आणि त्या कौतुकाच्या भरात निम्म्याच कथा वाचल्या. प्रस्तावना मात्र चार पानांची लिहिली. वाडीच्या मातीचा गंध, अस्सल बोली, उद्याचा मोठा कथाकार, असे सारे शब्द त्यात होते. पुस्तक निघाले, चर्चच्या सभागृहात प्रकाशन झाले, टाळ्या पडल्या. वर्षभराने तो भेटला तेव्हा अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, शेवटच्या तीन गोष्टी फसल्यात असं मला आधीपासून वाटत होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी तशाच ठेवल्या.” त्या तीन गोष्टी आम्ही वाचल्याच नव्हत्या, हे आम्ही त्याला त्या दिवशी सांगितले नाही. त्यानंतर त्याचे दुसरे पुस्तक आलेले नाही. दोष सर्वस्वी आमचा, असे म्हणणे हाही एक प्रकारचा अहंकार होईल. माणूस लिहिणे अनेक कारणांनी थांबवितो. पण जेथे त्याला गुरूची गरज होती तेथे आम्ही त्याला हार घातला, एवढे मात्र खरे.

आम्ही हे त्या मुलावरील प्रेमापोटी केले, अशी आमची समजूत होती. कॅनन यांची प्रस्तावना वाचल्यावर ती समजूत ढासळली. ज्याच्याकडून आपण मोठ्या अपेक्षा करतो त्याच्याशी आपण भांडतो. ज्याच्याकडून फारशी अपेक्षा नसते त्याची पाठ थोपटतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे अवाजवी कौतुक करण्यात, त्याला याहून अधिक जमणार नाही असा एक छुपा निवाडा दडलेला असतो. तो निवाडा आम्ही दिला होता. आपल्या समाजाने गेल्या शंभर वर्षांत शाळा काढल्या, मुलांना शिकविले, मुंबईच्या मोठ्या कॉलेजांत पाठविले. कपडे देणाऱ्या प्राध्यापकाची परंपरा आपल्याकडे समृद्ध आहे, आणि तिचा अभिमान योग्यच आहे. तपासणी करणाऱ्या प्राध्यापकाची परंपरा मात्र आपल्या साहित्यव्यवहारात क्षीण राहिली. आपले लेखन बहुधा आपल्याच माणसांत वाचले जाते, आणि आपल्या माणसाला कसे दुखवावे, या संकोचात आपण त्याला एकटे सोडतो.

बाबासाहेब पुढे स्वतः शिक्षक झाले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकविले, १९३५ साली त्याचे प्राचार्य झाले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले आणि नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग भरू लागले. १९५० साली त्यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. बडोद्यात ज्याला खोली मिळाली नाही, त्याने इतरांसाठी वर्गखोल्या बांधल्या. गुरूच्या आधाराचे दोन्ही भाग त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होते, आणि या संस्थांत ते दोन्ही एकत्र आणण्याची त्यांची धडपड होती, असे आम्हांला वाटते.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ती स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले होते. तेथे त्यांना जॉन ड्युई यांना भेटावयाचे होते. १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ज्यांचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले होते, ते हे तत्त्वज्ञ गुरू. ड्युई १ जून १९५२ रोजी वारले. भेट झाली नाही. कोलंबिया सोडून छत्तीस वर्षे होऊन गेली होती, शिष्य स्वतंत्र देशाच्या घटनेचा शिल्पकार झाला होता, तरी गुरूच्या मृत्यूने तो व्याकूळ झाला. आपले सारे बौद्धिक जीवन आपण त्यांना देणे लागतो, असे त्यांनी त्या वेळी पत्नीला कळविले. ड्युई वर्गात कसे बोलत, कसे थांबत, याची हुबेहूब नक्कल ते तीस वर्षांनंतरही करून दाखवीत, अशी आठवण सविता आंबेडकर यांनी सांगितल्याचे झेलियट यांनी नोंदविले आहे. घटना समितीत तासन्‌तास वाद घालणारा हा माणूस घरी बसून आपल्या जुन्या शिक्षकाची नक्कल करीत आहे, हे चित्र आम्हांला फार आवडते. ज्याच्याशी मोकळेपणाने भांडता येत होते त्याचीच अशी प्रेमाने नक्कल करता येते.

असो. तरुण लेखकांनी प्रस्तावनेसाठी आमच्याकडे येऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी अवश्य यावे. मात्र यापुढे हस्तलिखित आमच्याकडे दोन महिने राहील. परत मिळेल तेव्हा समासात पेन्सिलीच्या खुणा असतील. काही ठिकाणी ‘पटले नाही’ असे लिहिलेले असेल. ते वाचून राग आला तर लेखकाने तसे सांगावे, आणि आमचे चुकले असेल तर तेही दाखवून द्यावे. प्रस्तावनेचे त्यानंतर पाहू. आणि तो बागायतदाराचा मुलगा हे वाचीत असेल, तर त्याच्या त्या तीन गोष्टी आम्ही आता वाचल्या आहेत. दोन फसल्या आहेत, हे त्याचे म्हणणे खरे आहे. तिसरी फसलेली नाही, शेवटच्या पानावर ती थांबायला हवी होती तेथे थांबलेली नाही, एवढेच. त्याविषयी त्याच्याशी बोलावयाचे आहे.